पेटी बंद केली होती का?

नसीरभाई मुलाणी. ज्या माणसाचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत त्याचं नाव आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे पेन अडखळलं तरी तेवढं कागदावर राहील. आई-वडिलांनी वाढवलं, शिकवलं — ते वेगळं. पण चाकणच्या कारखान्यात मी जो कोणी झालो तो नसीरभाईंमुळे. आणि त्यांच्याशी मी जे वागलो ते बायकोला माहीत नाही, वडिलांना माहीत नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा त्या जागेवरून मी पटकन पुढे सरकतो. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल — बघू.

मी परांड्याचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा वडिलांनी माझी गुणपत्रिका लॅमिनेट करून दुकानात टांगली, पंक्चरच्या ट्यूबांशेजारी. बी.एस्सी. कॉम्प्युटर. एवढं घेऊन मी चाकणला एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मुलाखतीला गेलो, आणि इंग्रजीतल्या पहिल्या तीन प्रश्नांना “माहीत नाही, सर” एवढंच म्हणालो. समोर प्लँटचे मुख्य भोइटे साहेब होते. कोपऱ्यात निळ्या युनिफॉर्ममधला एक पन्नाशीचा माणूस बसला होता. मला वाटलं, वायरमन असेल, पंखा बघायला आला असेल.

साहेबांनी माझी फाइल मिटली तेव्हा तो माणूस म्हणाला, “साहेब, ह्याला घ्या. सकाळधरनं सहा पोरं आली. येत न्हाई त्याला ‘येत न्हाई’ म्हणणारा ह्यो एकलाच हाय.”

ते नसीरभाई. मला त्यांनी कशासाठी निवडलं ते लक्षात आलं ना तुमच्या? मला ते त्या दिवशी नुसतं बरं वाटलं होतं. टोचायला लागलं फार नंतर.

ते खरोखरच वायरमन होते. आयटीआय करून कंपनीत दिवे लावायला लागले. कंपनीत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या केबल ओढायला कुणी नव्हतं म्हणून त्यांना बोलावलं, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे बघता बघता ते सगळं शिकले. शब्दकोश शेजारी ठेवून मॅन्युअल वाचायचे. मी आलो तेव्हा कंपनीची सर्व्हर रूम — म्हणजे जिथे सगळी मुख्य यंत्रं ठेवतात ती थंड खोली — त्यांच्याच ताब्यात होती. दिघीहून मोटरसायकलवर यायचे, आल्यावर आधी खोलीत जाऊन नुसते उभे राहायचे. आवाज ऐकायचे. “आज पंखा घरघरतोय” म्हणायचे, आणि तो खरंच घरघरत असायचा.

पण त्यांचा मोठेपणा यंत्रात नव्हता. आमच्या धंद्यात एक समज आहे — फोन करणारा माणूस खोटं बोलतो. “मी काही केलं नाही” म्हणाला की समजायचं, यानेच केलंय. नसीरभाईंचं उलटं होतं. माणूस सांगतो ते आधी खरं धरायचं, आणि ते खरं असेल तर बिघाड कुठे असू शकतो हे शोधत जायचं. एकदा स्टोअरमधले एक जुने गृहस्थ म्हणाले, फोर्कलिफ्ट शेजारून गेली की माझा कॉम्प्युटर बंद पडतो. सगळे हसले; मीही. कुणीतरी म्हणालं, काका, त्याला दृष्ट लागत असेल, लिंबू-मिरची बांधा. नसीरभाई खुर्ची घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. तासाभरात चौथी फोर्कलिफ्ट गेली, आणि भाईंनी जमिनीतली एक लोखंडी पट्टी उचलून दाखवली — चाकाच्या वजनाने ती दबायची आणि खालची वायर चेपायची. परत येताना मला म्हणाले, “दत्ता, लोकं खोटं कमी बोलत्यात. आपल्यालाच त्यांचं ऐकाया येत न्हाई.”

अशा माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं, विचार करा.

आता मला खंडेनवमीकडे यायलाच हवं. मी अजून थोडा वेळ भाईंबद्दलच लिहीत राहिलो असतो — सांगण्यासारखं खूप आहे, मला इंग्रजीत ई-मेल लिहायला त्यांनी शिकवलं हेही आहे — पण ते मी मुद्दाम करतोय हे मला कळतंय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा असते. दुपारपर्यंत मशीन धुऊन-पुसून थांबवतात, हळद-कुंकू, झेंडूची माळ, पेढे, आणि मग शॉपचा, म्हणजे यंत्रांच्या शेडचा, मेन स्विच पाडून सगळे घरी. आमच्या खोलीची पूजाही दरवर्षी व्हायची, आणि तिची फुलं नसीरभाई स्वतः भोसरीच्या बाजारातून आणायचे. माळ मात्र दाराच्या चौकटीला. आत काही थांबवायचं नाही, ओलं काही न्यायचं नाही. “बाकीच्यांची मशीन आज निजत्यात, आपली जागीच राहणार,” म्हणायचे.

त्यातल्या एका पेटीबद्दल तर त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. ती व्हीपीएनची पेटी. व्हीपीएन म्हणजे काय, हे वडिलांना मी असं समजावलं होतं — कंपनीला भिंत आहे. बाहेरगावी बसलेल्या आपल्या माणसाला आत येऊन काम करायचं असेल तर इंटरनेटच्या गर्दीतून त्याच्यापुरती एक झाकलेली वाट करून द्यायची. त्या वाटेच्या कंपनीकडच्या टोकाला ही पेटी. येणाऱ्याचं ओळखपत्र बघते, मग आत सोडते. आमची पेटी जुनी होती. भाईंनी नवीन मागितली होती, मिळाली नव्हती. “म्हातारीये ती,” म्हणाले होते. “बंद केली तर उठंल, पण काय काय विसरंल सांगता येत न्हाई. हिला हात लावायचा तर मला इचारून.” वीज गेली तरी ती चालू राहावी म्हणून तिच्यापुरता वेगळा छोटा यूपीएस त्यांनी बसवला होता.

त्या खंडेनवमीला भाई पॅकिंगच्या लाइनवर लेबलचा प्रिंटर बघायला गेले. मी खोलीत एकटा होतो. पेटीच्या जाळीवर कारखान्याची तेलकट धूळ बसलेली. आमच्या दुकानात खंडेनवमीला वडील पाने, पकडी, पंप सगळं धुऊन गोणपाटावर मांडतात आणि दिवसभर त्याला हात लावत नाहीत. मला वाटलं — इतक्या दिवसांत हिलाच तेवढी विश्रांती नाही. दोन मिनिटं. मी बटण दाबलं, ब्रशने जाळी साफ केली, कपाळाला लावावं तसं बोटभर कुंकू लावलं, एक फूल ठेवलं, वडिलांना पाठवायला फोटो काढला, आणि बटण परत चालू केलं. हिरवे दिवे लागले. मला फार बरं वाटलं.

इथवर जे झालं त्याला मी चूक म्हणतो. माझी कबुली त्याबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. कंपनी बंद, पण बाहेरच्या देशातल्या ग्राहकाला सुट्टी नव्हती, आणि त्याला त्या दिवशी ड्रॉइंग हवी होती. डिझाइनच्या केतकी मॅडम वाकडला घरी बसून काम करणार होत्या. सकाळी त्यांचा फोन आला — व्हीपीएन जोडलं जात नाही. पाठोपाठ आणखी चौघांचे. मी प्रत्येकाकडून करून घ्यायचं ते सगळं करून घेतलं. लॅपटॉप बंद-चालू करा. प्रोग्रॅम काढून परत टाका. पासवर्ड नीट टाका. तिसऱ्यांदा पासवर्ड टाकायला लावला तेव्हा मॅडम म्हणाल्या, “दत्ता, आता काय जन्मपत्रिका टाकू का? दारात तोरण लावायचं राहिलंय माझं.” पडद्यावर प्रत्येकाला एकच ओळ दिसत होती — जोडणी झाली नाही. का झाली नाही, ते काही नाही.

भाई आणि मी दोघंही सणाच्या दिवशी कंपनीत आलो. पिशवी टेबलावर ठेवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, आवाजात संशयाचा लवलेश नव्हता, डॉक्टर विचारतो तसं —

“पेटी बंद केल्ती का काल?”

मी म्हणालो, “नाही, भाई.”

का? सात वर्षं मी स्वतःला विचारतोय. मी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होतो, पक्कं व्हायला तीन आठवडे राहिले होते, हे खरं. पण भाई रागावले असते का? नसते. “बरं, मग आधी हे बघू” म्हणाले असते. एवढंच झालं असतं. मला शिक्षेची भीती नव्हती, त्यांच्या नजरेतून उतरायची भीती होती — आणि त्या नजरेतली जागा टिकवायला मी त्यांच्या विश्वासालाच कामाला लावलं.

कारण त्यांनी मान हलवली आणि तो प्रश्न तिथेच संपवला. माझं उत्तर खरं धरलं आणि त्यापुढे शोधायला लागले. पेटीवर कोण कोण येऊन गेलं याच्या नोंदी असतात. त्यांनी दसऱ्याची तारीख टाकून आजच्या नोंदी काढल्या. एकही नव्हती. पेटी बंद झालेलीच नाही आणि आजची एकही नोंद नाही, याचा अर्थ लोक पेटीपर्यंत पोचतच नाहीत — वाट बाहेर कुठेतरी अडली आहे. बिनचूक तर्क. दिवसभर ते इंटरनेटची लाइन देणाऱ्या कंपनीशी फोनवर भांडले, गेटबाहेरचा डबा उघडून बघितला, उन्हात शिडीवर चढले. शिडी मी धरली होती. वर बघत होतो. त्यांच्या चपलांचे तळवे आजही डोळ्यांसमोर आहेत. दसऱ्याचं सोनं द्यायला सिक्युरिटीवाले आले, तर त्यांनी वरूनच हात खाली केला आणि आपट्याची पानं खिशात ठेवली.

एकदा, फक्त एकदा, मी तोंड उघडलं होतं. “भाई—” म्हणालो. ते म्हणाले, “घट धर, राव.” मी घट्ट धरली.

ग्राहकाला ड्रॉइंग वेळेवर गेली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाई पुन्हा लाइनवाल्यांना घेऊन बाहेर होते. मी पेटीच्या पडद्यासमोर बसलो आणि तारखेची अट काढून टाकली. सगळ्या नोंदी दिसू द्या म्हटलं. यादीच्या तळाशी, कित्येक वर्षांपूर्वीच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेखाली, आमच्या सगळ्या लोकांची नावं होती. केतकी मॅडम एकवीस वेळा. पेटी विझून पुन्हा पेटली तेव्हा ती आपली तारीख विसरली होती. तिच्या लेखी आज कित्येक वर्षं मागे होतं, आणि लोकांच्या ओळखपत्रांची मुदत तर अजून सुरूच व्हायची होती — म्हणून ती एकेकाला दारातून परत पाठवत होती. ‘नाही’ऐवजी ‘हो’ म्हणालो असतो तर भाईंनी पहिल्या मिनिटाला हेच पाहिलं असतं.

तारीख नीट केली. लोक जोडले जाऊ लागले. मी आधी फोनमधला तो फोटो शोधला — फुलाच्या मागे पेटीचे दिवे विझलेले दिसत होते — आणि पुसून टाकला. मग बाहेर जाऊन म्हणालो, “भाई, सापडलं.”

त्यांना इतका आनंद झाला. खरंच झाला. भोइटे साहेबांच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, “मी दोन दिवस बाहेर हुडकत बसलो, पोरानं आत बसून काढलं.” मग साहेबांनी विचारलं की पेटी बंद पडलीच कशी. भाईंनी त्याचं उत्तर शोधून ठेवलं होतं — पूजेनंतर शॉपचा मेन स्विच पाडला, त्या क्षणी छोट्या यूपीएसने दगा दिला असणार. “यूपीएस माझ्याकडं हाय. चूक माझी.”

आता यात काय पणाला लागलं होतं ते सांगतो. मला ते त्या खोलीत माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. कंपनीच्या दोन्ही प्लँटचा मिळून एक आयटी प्रमुख नेमायचा होता आणि नसीरभाईंचं नाव जवळजवळ ठरलं होतं. त्यांच्या घरी कळलं होतं. आयटीआयचा वायरमन, डिग्री नाही — पहिल्यांदाच असं होणार होतं. साहेब कागद खाली ठेवत म्हणाले, “डिग्री नव्हती, तर अनुभवावर देणार होतो. आता अनुभवाचीही ही तऱ्हा.” माझ्यापासून भाई दोन खुर्च्यांवर होते. चार शब्द लागले असते — पेटी मी बंद केली. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो.

वर्षभराने ती जागा मला मिळाली. डिग्री होती ना. आणि शिफारस कुणाची असेल? नसीरभाईंची. पुढची चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते माझ्या हाताखाली होते. चारचौघांत मला साहेब म्हणायचे, एकटे असलो की दत्ता. माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्यांची सोय त्यांनी पाहिली. आणि या चार वर्षांत दर शनिवारी ते त्या छोट्या यूपीएसपाशी बसायचे. झाकण उघडायचे, बॅटरी मोजायचे, मुख्य वीज पाडून बघायचे. यूपीएस कधीच अडखळला नाही. “दगा एकदाच दिला, पण का दिला ते घावत न्हाई,” म्हणायचे. मी शेजारून चहाचा कप घेऊन जायचो. साहेब असून मी एकदाही म्हणू शकलो नाही की भाई, सोडा ते.

एका चांगल्या माणसाला मी एका चांगल्या यंत्रावर चार वर्षं संशय घ्यायला लावला. माझ्या बोलण्यावर घ्यायचा तो संशय.

आता ते दिघीला पुतण्याच्या गॅरेजवरच्या दोन खोल्यांत रविवारी वर्ग घेतात. आयटीआयची मुलं-मुली येतात. केबल कशी ओढावी, बिघाड कसा शोधावा. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. मुलांना सांगितलं, “हे परांड्याहून आले, मराठी शाळेतले. ह्यांनी पेटीचं घड्याळ कसं पकडलं ते ह्यांच्याच तोंडनं ऐका.” आणि मी — काय लपवू — मी सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग भाई फळ्यापाशी आले आणि त्यांनी मुलांना यूपीएस तपासायची रीत शिकवली, माझ्या खोट्यावर उभी केलेली, अगदी मन लावून. शेवटी खडू खाली ठेवून म्हणाले, “एवढ्या नोकरीत हा एकच बिघाड मला पुरता उलगडला न्हाई. मेल्यावर अल्लाला इचारणार हाय.” मुलं हसली. तेही हसले.

मी मोटरसायकल काढली आणि मोशीपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, की त्यांना ज्याला विचारायचं आहे तो मीच आहे.

दिघी माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. तरी मी पत्र पोस्टाने पाठवलं, कारण त्यांच्यासमोर माझं तोंड काय करतं ते मला ठाऊक आहे. पत्र असं होतं —

आदरणीय नसीरभाई,

सात वर्षांपूर्वी खंडेनवमीला, तुम्ही पॅकिंगच्या लाइनवर गेला होतात तेव्हा, व्हीपीएनची पेटी मी बंद केली होती. साफ करायला आणि फूल ठेवायला. दोन मिनिटांनी चालू केली. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही मला विचारलंत. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं, आणि बोलताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी घड्याळ दिसलं तेव्हा कारणही मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. बैठकीत तुम्ही चूक आपल्यावर घेतलीत तेव्हा मी गप्प बसलो. त्यामुळे प्रमुखाची जागा तुमच्या हातून गेली. ती पुढे मी घेतली. गेल्या महिन्यात तुमच्या मुलांसमोर मी तेच खोटं पुन्हा सांगितलं.

या पत्राची एक प्रत आज सकाळी मी भोइटे साहेबांना दिली आहे. दुसरी आयटीच्या सगळ्यांना दिली आहे, कारण ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून अनेकदा ऐकली आहे.

त्या दिवशी तुमचा तर्क कुठेही चुकला नव्हता. तुम्हाला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं. यूपीएस चांगला होता.

दत्ता